बंदूक ठाण्यात आहे तोवर

आमच्या मंडळाचं नाव पंचशील नवयुवक मंडळ. स्थापना झाली तेव्हा आम्ही खरंच नवयुवक होतो. आता अध्यक्ष बन्सीधरच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, माझे गुडघे कुरकुरायला लागलेत, आणि सगळ्यात तरुण सभासद दोन लेकींची लग्नं उरकून बसलाय. नाव बदलावं असा विषय एकदा निघाला होता. पण नाव बदलण्याच्या ठरावांचा आमचा अनुभव काही बरा नव्हता. औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव विधिमंडळात होऊन चौदा वर्षं होत आली तरी नाव तेच होतं आणि त्यापायी बन्सीधर दोनदा तुरुंगात जाऊन आला होता. तेव्हा मंडळाचं नाव आहे तेच राहू दिलं.

मी मुंजाजी, गावच्या शाळेतला मास्तर. सरकारी नोकर, म्हणून मंडळात माझं नाव नाही. पण मंडळाचे सगळे अर्ज, ठराव आणि जाहीर निषेध माझ्याच हातचे. निषेध लिहून लिहून माझं अक्षर तेवढं सुधारलं, बाकी काही सुधारलं नाही. संध्याकाळी समाजमंदिरात आम्ही सतरंजी अंथरतो, चर्चा करतो आणि चहा येईपर्यंत एकमत करतो. हे मी वैतागून सांगतोय, कबूल. पण त्या सतरंजीवर बसणाऱ्यांशिवाय वस्तीला दुसरं कुणी नव्हतं, हेही तितकंच खरं.

त्या साली हुरड्याच्या दिवसांत चंद्रभानला गोळी लागली.

चंद्रभान आमच्या वस्तीतला. वालूरच्या वाटेला नाल्यापलीकडं गायरान आहे, तिथला एक तुकडा त्याच्या बापानं दगडं वेचून वाहितीखाली आणला होता. गायरान सरकारचं. ते कसणाऱ्याच्या नावावर करायचं असा हुकूम निघालेला, पण कागद हातात यायचे होते. कागद येईपर्यंत जो पेरेल आणि काढेल त्याचा ताबा. तलाठी येतो, उभं पीक कुणाचं ते बघतो आणि तसं लिहितो. एक हंगाम जरी हातचा गेला तरी जमीन पडीकच होती असं म्हणायला लोक मोकळे. आणि असं म्हणायला पहिल्यांदा कोण येणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं, कारण गायरानाला लागूनच भगवानरावांचं रान आहे.

भगवानराव गावचे सरपंच. गावातली एकुलती एक बंदूक त्यांच्या घरात. रानडुकरं हाकायला म्हणून तिचं लायसन. त्या दिवशी दिवस मावळताना चंद्रभान पाखरं राखायच्या माळ्यावरून उतरत होता, तेव्हा भगवानरावांनी बांधावरून बार काढला. छर्रे मांडीत आणि गुडघ्यात शिरले. ज्वारी हलली, मला वाटलं डुक्कर, असं भगवानराव म्हणाले आणि फौजदारानं तसंच लिहिलं. चंद्रभानचा जबाब वेगळा होता. बार काढायच्या आधी त्यांनी त्याला नावानं हाक मारली होती. डुकराला कुणी नावानं हाक मारत नाही. पण जबाब वाचून दाखवला तेव्हा तेवढं एक वाक्य त्यात नव्हतं.

सेलूच्या दवाखान्यात त्याचा पाय वाचला. दोन छर्रे आत खोल होते, ते राहू दिले. घरी आल्यावर तो उंबऱ्यात पाय लांब करून बसायचा आणि कुणी विचारलं की एकच सांगायचा.

"बंदूक गावात हाय तोवर मी नाला वलांडत न्हाई."

त्याच्या बायकोनं, सत्यशीलानं, त्याला एकदाही भित्रा म्हटलं नाही. ती आणि म्हातारी सासू सरजाबाई पाखरं राखायला जात होत्या. पण राखणं वेगळं आणि काढणं वेगळं. ज्वारी काढायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची, कडबा वाहून आणायचा, हे दोन बायांच्यानं होण्यासारखं नव्हतं. गडी सोबत घ्यावेत तर, ज्याचं रान तोच येत नाही तिथं दुसरा कशाला मरायला येईल?

मंडळानं निषेध केला. मीच लिहिला. मग ठाण्यावर मोर्चा काढला. मागणी एकच, बंदुकीचं लायसन रद्द करा. फौजदारानं अर्ज घेतला, वर पाठवतो म्हणाला. आठ-दहा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी बाया जास्त होत्या, घोषणाही जोरात होत्या. फौजदार दारातच उभा राहिला.

"बंदूक जमा करून घेतलीय. ठाण्यात हाय. आता वरडू नका, घरी जावा."

आम्ही क्षणभर घोषणा द्यायचंच विसरलो. इतक्या वर्षांत आमच्या एखाद्या मोर्च्याला कुणी "झालं तुमचं काम" असं म्हटलेलं नव्हतं. परत येताना बन्सीधर सगळ्यांच्या पुढं चालत होता. समाजमंदिराच्या भिंतीवरच्या फळ्यावर त्यानं मला लिहायला सांगितलं, मंडळाच्या लढ्याला यश. मी ठळक अक्षरात लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभान काठी टेकत नाल्यापर्यंत गेला, थोडा थांबला आणि ओलांडून पलीकडं गेला. सत्यशीला लांबून बघत होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि भाकरी बांधायला घरात गेली.

त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. आमच्या वॉर्डात दोन जागा. एक आमच्यातल्या बाईसाठी राखीव, दुसरी खुली. राखीव जागेवर मंडळानं सत्यशीलाला उभं केलं. नवऱ्याला गोळी लागली एवढीच तिची पात्रता, दुसरा विचार कुणी केला नाही. "मला मेंबर न्हाई व्हायचं, मला ज्वारी काढायचीय," असं ती म्हणाली होती. पण तोवर हार आणलेला होता आणि आणलेला हार परत न्यायची आमच्यात पद्धत नाही. तिच्या विरोधात भगवानरावांनी बायनाबाईला उभं केलं. बायनाबाई म्हणजे त्यांच्याकडं साल धरून राहिलेल्या लिंबाजीची बायको. लिंबाजीही आमच्याच वस्तीतला. बिचारीनं फॉर्मवर अंगठा दिला तेव्हा तिला वाटलं रेशनचं काहीतरी आहे.

खुल्या जागेवर भगवानराव स्वतः. त्यांच्या विरोधात बन्सीधर. तो पडणार हे त्याला, मला आणि त्याच्या बैलालाही माहीत होतं. पण उभं राहायचं असतं म्हणून तो उभा राहिला.

बाकीच्या सगळ्या जागा पारावर बसून बिनविरोध ठरल्या. बिनविरोध म्हटलं की गावाला मोठी धन्यता वाटते. शेजारच्या गावात मतदान झालं, डोकी फुटली, आमच्या गावात बघा कसं सगळं गोडीगुलाबीनं, असं चार गावांत सांगता येतं. आता ती धन्यता फक्त आमच्या दोन जागांपाशी अडून बसली होती.

फॉर्म माघारी घ्यायच्या आदल्या दिवशी लिंबाजी निरोप घेऊन आला.

"मालकानं मंडळाला पारावर बोलिवलंय. खुर्च्या मांडल्यात," तो म्हणाला.

"आमच्यासाठी?" बन्सीधरनं विचारलं.

"आता मी काय खोटं सांगायलोय व्हय?"

मारुतीच्या पारावर खरंच खुर्च्या होत्या. चहा आला. सगळ्यांना एकसारख्या कपांत आला, वेगळे कप नव्हते. मी आमच्या लोकांची तोंडं बघत होतो. लहानपणी याच पाराखालून चपला हातात घेऊन गेलेली माणसं ती. त्या चहात आमचं निम्मं मंडळ विरघळलं आणि मला त्यांचा रागही येईना, कारण माझाही कप रिकामा झाला होता.

"बन्सीधरराव," भगवानराव म्हणाले. त्याला राव म्हणायची ही त्यांची पहिली वेळ. "झालं गेलं नाल्यात गेलं. चंद्रभानचं मला बी वाईट वाटतं. नजरचूक झाली. आता गावाची इज्जत तुमच्या हातात हाय. सत्यशीलाबाईची जागा तुमची. बायनाबाईचा फॉर्म मी काढायला लावतो. तुमी तुमचा काढा. समदं गाव बिनविरोध."

बन्सीधरनं माझ्याकडं पाहिलं. मी बघितलं चहाच्या कपाकडं, सरकारी नोकराला दुसरं काय करता येतं.

"एक गोष्ट कबूल करा," बन्सीधर म्हणाला. "चंद्रभानच्या ज्वारीला हात लावायचा न्हाई. काढणीला कुनी आडवं यायचं न्हाई."

"शब्द देतो. काढा ज्वारी. माझा मानूस बांधावर बी येनार न्हाई."

"आन् ती बंदूक..."

"बंदूक ठाण्यातच हाय की," भगवानराव म्हणाले.

त्यात खोटं काहीच नव्हतं.

संध्याकाळी समाजमंदिरात बैठक भरली. सगळ्यांना निर्णय आधीच पटलेला होता, चर्चा फक्त शोभेची. मंडळाचा पहिला मेंबर, तोही न लढता! बन्सीधरचा प्रश्न तेवढा होता, पण सगळ्यात थकलेला तोच होता.

"पडायसाठी उभं ऱ्हायचं लय झालं, गुरुजी," तो मला म्हणाला. "एकडाव आपलं कुनीतरी निवडून आलेलं बघू द्या की."

मला त्याची दया आली. हा माणूस औरंगाबादच्या रस्त्यावर लाठ्या खाऊन आलेला. चौदा वर्षं त्यानं घरचं सोडून बाकी सगळ्यांचं पाहिलं. आता त्याला एक विजय हवा होता, भले तो पारावर फुकट मिळालेला का असेना. दुधाची तहान ताकावर भागवायची तर तेवढं तरी मिळू दे असं मलाही वाटलं.

एकटी सत्यशीला अडून बसली.

"मतदान हू द्या," ती म्हणाली.

"बाई, मतदानात पडलीस तर? भगवानराव घरोघर फिरंल. लिंबाजीच्या भावकीची मतं फुटतील. आता तर तू आयती निवडून यायलीस," बन्सीधर समजावत होता.

"त्याच्या मेहरबानीनं यायलेय, भाऊ. पडले तर पडले. निदान कोन आपलं हाय आन् कोन न्हाई ते तरी कळंल."

"तुला जागा पायजे का तंटा पायजे?"

"मला ज्वारी पायजे," ती म्हणाली. "त्यानं शब्द दिलाय म्हनता. त्यानं नाव घेऊन हाक मारली व्हती, आन् मंग बार काढला. मपल्या नवऱ्याला इचारा त्याचा शब्द कसा असतो."

चंद्रभान भिंतीला टेकून बसला होता. त्याच्याकडं सगळे वळले. तो म्हणाला, "बंदूक ठाण्यात हाय ना? मंग करा काय करायचं ते." त्याचं एवढ्यावर सगळं आलेलं होतं. सत्यशीला गप्प झाली आणि मी ठरावात एकमताने हा शब्द लिहिला.

दुसऱ्या दिवशी सेलूला तहसिलीत दोन्ही फॉर्म माघारी निघाले. गाव बिनविरोध झालं. वस्तीत निळा गुलाल उधळला, सत्यशीलाला हार घातला, हलगी वाजली. तिच्या कपाळावर गुलाल इतका फासला होता की ती हसतेय की रडतेय ते समजत नव्हतं. ती दोन्हीपैकी काहीच करत नव्हती. कोण कोण उद्या काढणीला येणार ते ती एकेकाला विचारत फिरत होती.

सगळे आले. इतकी माणसं त्या तुकड्यानं कधी पाहिली नसतील. मेंबरबाईची ज्वारी म्हणून आपणहून आले, मजुरीचं नाव कुणी काढलं नाही. मी शाळा सुटल्यावर गेलो तोवर निम्मं रान मोकळं झालं होतं. पेंढ्यांच्या ओळी लागल्या होत्या. चंद्रभान गुडघा न वाकवता कमरेतून वाकून विळा चालवत होता आणि मधूनच सरजाबाईला चिडवत होता, "आये, तुपल्या हातानं व्हायलंय का उद्यापत्तूर?" म्हातारी त्याला शिव्या देत होती. गोळी लागल्यापासून मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघत होतो. मला बरं वाटलं. मंडळाचं काही चुकलेलं नाही, असं त्या क्षणी वाटलं.

तेवढ्यात सडकेवर एसटी थांबली. भगवानराव उतरले. त्यांच्या मागं लिंबाजी, आणि लिंबाजीच्या खांद्यावर बंदूक.

गावाकडं जायची वाट गायरानाच्या कडेनंच आहे, दुसरी वाट नाही. ते दोघं वाटेनं आले. विळे थांबले. भगवानराव बांधावर चढले नाहीत, थांबलेही नाहीत, चालता चालताच बोलले.

"चालू द्या, चालू द्या. शब्द दिलाय मी."

लिंबाजीनं आमच्याकडं पाहिलं नाही. त्याच्या बायकोचा फॉर्म निघाल्याचा आनंद त्याला काल आमच्याइतकाच झाला होता. आता तो खाली मान घालून, खांदा सावरत गेला.

चंद्रभाननं विळा खाली ठेवला. फेकला नाही, पेंढीवर नीट ठेवला. काठी उचलली आणि नाल्याकडं चालायला लागला. सत्यशीलानं त्याला हाक मारली नाही. त्याच्यामागून कुणाला बैलांची वैरण आठवली, कुणाला पाणी भरायचं आठवलं. दिवस बराच वर होता. पण थोड्या वेळात रानात फक्त सत्यशीला, सरजाबाई, बन्सीधर आणि मी उरलो, आणि मला ज्वारी काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बन्सीधर आणि मी ठाण्यावर गेलो. फौजदार जेवून आला होता, सुपारी कातरत बसला होता.

"साहेब, बंदूक परत कशी दिली? आमच्या मोर्च्यामुळं तुमी जमा केली व्हती ना?" बन्सीधरनं विचारलं.

"कोनता मोर्चा?" फौजदार म्हणाला. मग त्याला आठवलं आणि तो थोडासा हसला. वाईट हसला नाही, उलट समजावून सांगायला लागला. "अहो, निवडणूक लागली की लायसनच्या समद्या बंदुका जमा कराव्या लागत्यात. तसा हुकूमच असतो. निकाल लागला की ज्याची त्याला परत. तुमच्या गावात मतदानच न्हाई, मंग मी कशाला ठिवू? भगवानराव आले, पावती दाखवली, घेऊन गेले."

"आन् आमचा लायसन रद्द करायचा अर्ज?"

"वर पाठवलाय."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती, आणि आम्ही कावळ्याच्या नावानं गुलाल उधळला होता. गावी परतल्यावर चार शहाणे म्हणाले की हा नियम आम्हाला माहीत होता. माहीत होता तर बोलला का नाहीत? आमच्या वस्तीत कधी कुणाच्या घरी बंदूक नव्हती, बंदुकीचा नियम आम्हाला कुठून ठाऊक असणार? आम्हाला एवढंच ठाऊक होतं की मोर्चा काढायचा असतो. आणि खरं सांगायचं तर, एकदा तरी आपल्या ओरडण्यानं काहीतरी झालं असं वाटायची आम्हाला इतकी भूक लागली होती की नियम कुणी सांगितला असता तरी आम्ही कानाआड केला असता. मतदान होऊ दिलं असतं, बन्सीधर नेहमीसारखा पडला असता, तर बंदूक आणखी काही दिवस ठाण्यात राहिली असती आणि ज्वारी घरात आली असती. आम्ही न लढता जिंकलो आणि बंदूक बोलावून घेतली.

परतीच्या एसटीत गाव जवळ आल्यावर बन्सीधर म्हणाला, "गुरुजी, तो फळा पुसून टाका." मी पुसला.

भगवानरावांनी शब्द पाळला. त्यांचा माणूस बांधावर आला नाही, कुणी आडवं गेलं नाही. फक्त दिवस कलला की ते आपल्या रानात उभे राहून एक बार हवेत काढायचे. डुकरं येतात म्हणून. लायसन त्याचसाठी होतं. बाराचा आवाज नाल्यापलीकडून वस्तीत यायचा आणि चंद्रभान उंबऱ्यातून उठून घरात जायचा. काढणीला यायला कुणी तयार नव्हतं. मी दोघा-तिघांना विचारलं, त्यांनी माझ्या नजरेला नजर दिली नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. सासू-सुनेनं दिवसा जमेल तेवढं काढलं. म्हातारी पेंढी उचलायची आणि चार पावलांवर टेकायची. उरलेली ज्वारी वाळून कणसं झडायला लागली, पाखरांनी खाल्ली, मग मोकाट जनावरं शिरली. तलाठी आला तेव्हा निम्म्या तुकड्यावर तुडवलेली धाटं होती. त्यानं बघितलं तेच लिहिलं, निम्मं पीक, निम्मं पड. भगवानराव त्याच्याबरोबर होते आणि पडीच्या बाजूला उभे राहून काहीतरी हातानं दाखवत होते.

त्यानंतर मंडळ बरेच दिवस भरलं नाही. एका संध्याकाळी सत्यशीलाच निरोप देत घरोघर फिरली. आम्ही सतरंजी अंथरली. ती सरजाबाईला घेऊन आली आणि आमच्यासमोर बसली. मेंबर झाल्यापासून तिला पुढं बसायला सांगावं लागत नव्हतं.

"गुरुजी, मेंबरनं राजीनामा द्यायचा तर कुनाला द्यावा लागतो?" तिनं विचारलं.

"सरपंचाला."

"म्हंजे भगवानरावालाच. बरं. त्यानं घेतला तर पुन्यांदा निवडणूक लागंल?"

"लागेल. त्या एका जागेपुरती."

"मंग तवा बंदूक जमा हुईल?"

बन्सीधर एकदम उसळला.

"बाई, चौदा वर्सांत मंडळाला एक मेंबर मिळाला, आन् तू राजीनाम्याचं बोलायलीस? गाव हसंल आपल्याला!"

"गाव हसायलंच हाय, भाऊ. मी मेंबर नव्हते तवा बंदूक ठाण्यात व्हती. मी मेंबर झाले आन् ती घरी आली. काय करू मी ह्या मेंबरकीला?" तिचा आवाज चढला नाही. "निम्मी जमीन पड लागली. पुढल्या साली उरलेली लागंल. मंग तुमी निषेध लिवा."

हे मला लागलं. लागायलाच हवं होतं.

"पण तो पुन्हा बिनविरोध करील," मी म्हणालो. "तुझ्याविरुद्ध उभंच कुणी राहू देणार नाही. म्हणजे पुन्हा मतदान नाही."

"म्हनून तर आत्यालाच उभं करायलेय मपल्याविरुद्ध. इचारलंय मी त्यांला."

सरजाबाईनं पदर सावरला. "मी न्हाई काढत फॉर्म माघारी," ती म्हणाली. "कुनी बी येऊ द्या. पारावर खुर्ची मांडू द्या न्हाईतर पलंग मांडू द्या."

सगळे हसले. बन्सीधरही हसला, मग त्याचं तोंड पडलं. सासू विरुद्ध सून अशी निवडणूक लढवायची, हरायची नाही, जिंकायची नाही, फक्त चालू ठेवायची. मंडळानं इतक्या वर्षांत इतकं शहाणपणाचं दुसरं काही ठरवलं नव्हतं, आणि इतकं केविलवाणंही. मी कागद काढला. राजीनाम्याचं कारण काय लिहू, असं विचारलं. घरगुती लिहा, ती म्हणाली.

चंद्रभान दारात येऊन उभा होता. बंदूक परत आल्यापासून तो समाजमंदिराची पायरी चढला नव्हता. तो आत आला नाही, काठीवर दोन्ही हात ठेवून तिथूनच बोलला.

"गुरुजी, एक निवडणूक किती दिस पुरती?"

"म्हणजे?"

"म्हंजे लागल्यापासून निकालापत्तूर. बंदूक ठाण्यात किती दिस ऱ्हाती?"

मी मनाशी हिशेब केला. अर्ज, छाननी, माघार, मतदान, मोजणी. "महिनाभर," मी म्हणालो. "फार तर सव्वा महिना."

त्यानं मान हलवली. बायकोकडं पाहिलं, मग आईकडं.

"ज्वारीला चार लागत्यात," तो म्हणाला.